तीन गोपनीय शिफारसपत्रं

माझी नात बोर्डिंगच्या शाळेत अर्ज करणार आहे ही बातमी आमच्या इमारतीत पसरायला एक दुपार लागली, आणि तिनं नेमकं काय केलं असावं यावर सगळ्यांचं एकमत व्हायला दुसरी. तळमजल्यावरच्या औषधवाल्यानं मला खोकल्याची बाटली देताना आवाज खाली आणला आणि घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी ठीक आहे म्हणालो. जरा फारच पटकन म्हणालो असणार, कारण त्यानं बाटलीबरोबर डोकं शांत ठेवणाऱ्या गोळ्यांचं एक पाकीट फुकट दिलं. समोरच्या काकूंनी सूनबाईंना जिन्यात गाठून सांगितलं, की या वयात मुली असं करतातच, फार मनाला लावून घेऊ नका. 'असं' म्हणजे कसं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सूनबाईंनी विचारलं नाही, त्यामुळे ते संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोहोचलं.

यात इमारतीची फारशी चूक नाही. आमच्या पिढीत मुलाला बोर्डिंगला 'टाकत' असत, रद्दी माळ्यावर टाकतात तसं. ज्यानं काचा फोडल्या, शेजाऱ्याच्या स्कूटरच्या टाकीत साखर घातली किंवा एकाच इयत्तेत तिसऱ्यांदा मुक्काम केला, त्याला टाकत. आता बोर्डिंगला प्रवेश 'मिळवावा' लागतो, आणि त्यासाठी परीक्षा, निबंध, मुलाखत अशा पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणजे पूर्वी जी शिक्षा होती, तिच्यासाठी आता गुणवत्ता यादी लागते. जगात असे बदल होत असतात तेव्हा मी बहुधा वाचनालयात असतो.

नातीला घरात बारकी म्हणतात. ती आता चौदा वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण हा ठराव एकदा झाला तो झाला. टेकडीवरच्या त्या शाळेचं खूळ सूनबाईंच्या डोक्यातून निघालं असावं, असं मला आधी वाटलं. मग मुलाच्या डोक्यातून निघालं असावं, असं वाटलं. प्रत्यक्षात माहितीपुस्तिका बारकीनंच फोन करून मागवली होती आणि आठ दिवस गणिताच्या वहीत लपवली होती. हे तिनं मला गॅलरीत सांगितलं. तिथे का जायचंय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, रागावू नका, पण मी इथेच राहिले तर तुमच्यासारखी होईन."

माझ्यासारखी म्हणजे कशी, हे मी विचारायला नको होतं. चांगल्या मुलांचा दोष असा, की प्रश्न विचारला तर ती विचार करून खरं उत्तर देतात.

"तुम्हाला कुणी काही विचारलं की तुम्ही आधी आजीकडे बघता," ती म्हणाली. "आणि माझं तर मला बघावंही लागत नाही. परवा डॉक्टरांनी विचारलं कुठे दुखतंय. आईनं सांगितलं पोट, बाबांनी सांगितलं डोकं. माझा कान दुखत होता."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"पोटाचं औषध घेतलं. कान आपोआप थांबला."

त्या शाळेत आईबाबांना वर्षातून तीनदाच आत सोडतात, हे तिनं पुस्तिकेत पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं.

मी दोन दिवस दुखावलेला राहिलो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी दुखावलेला आहे हे घरात कुणाला कळलेलंच नाही, आणि तिचं म्हणणं तिथेच सिद्ध झालं. तेव्हा ही मुलगी तिथे गेलीच पाहिजे, असं मी ठरवलं. मी एखादी गोष्ट ठरवण्याचे प्रसंग थोडे, म्हणून याची नोंद करून ठेवतो.

अडचण अशी, की मला यात पडायची मनाई होती. चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी, मी काही बोललेलो नसताना, "बाबा, तुम्ही यात पडू नका," असं बजावलं होतं. त्याला इतिहास आहे. बारकी दुसरीत असताना तिच्या प्रगतिपुस्तकातल्या बाईंच्या शेऱ्यात मी लाल शाईनं तीन दुरुस्त्या केल्या होत्या आणि सोबत खुलाशाची चिठ्ठी जोडली होती. त्यात माझा हेतू वाईट नव्हता. मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात होतो. पाणी का येणार नाही, हे नागरिकांना नम्रपणे कळवणं हे माझं काम. मी मसुदा करायचा, साहेबांनी वाचायचा, आणि खाली सही साहेबांची. एवढ्या वर्षांत मी हजारो पत्रं लिहिली, पण माझ्या सहीनं गेलेलं एकच, निवृत्तीचं. त्यातही वरिष्ठांनी एक वाक्य बदललं.

तर अर्ज चिरंजीवांनी आणि सूनबाईंनी संगणकावर भरायला घेतला. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलो आणि पान उलटायला विसरत राहिलो. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, अशी अट होती. बारकीचा डावा कान स्वभावतःच मागे वळलेला आहे. पाच वेळा फोटो काढला, पाचही वेळा संगणकानं 'एक कान आढळला' असं कळवलं. शेवटी हिनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, कानामागे कापसाचा बोळा लावला. मग शाळा सोडल्याचा दाखला. तो आत्ताची शाळा नवा प्रवेश झाल्याशिवाय देणार नाही, आणि नवी शाळा दाखल्याशिवाय प्रवेश देणार नाही. चिरंजीव दोन्ही कार्यालयांत जाऊन आले. दोन्हीकडचे लिपिक अत्यंत सौजन्यानं वागले आणि एकमेकांचं बरोबर आहे म्हणाले. मला त्यांचं कौतुक वाटलं, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

सगळ्यात गुंता झाला तो भावंडांच्या रकान्यात. बारकीला भावंड नाही. रकाना रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकेना, म्हणून सूनबाईंनी तिथे 'नाही' असं भरलं. वय विचारलं तिथे शून्य. तिसऱ्या दिवशी शाळेकडून संदेश आला, की कुमारी नाही हिचाही अर्ज आम्ही आनंदानं विचारात घेऊ, भावंडांना प्राधान्य असतं. पुढच्या आठवड्यात कुमारी नाही हिला प्राथमिक फेरीत पात्र ठरल्याचं पत्र आलं. बारकीचा अर्ज तेव्हा अजून दाखल्यावरच अडला होता. ही म्हणाली, "जी जन्मली नाही तिचं झालंसुद्धा. शिका काहीतरी." हे ती कुणाला म्हणाली ते स्पष्ट झालं नाही, म्हणून नेहमीप्रमाणे मी ते स्वतःकडे घेतलं.

आणि मग आली शिफारसपत्रं.

माहितीपुस्तिकेत त्यांना एक पूर्ण पान होतं. तीन पत्रं हवीत: वर्गशिक्षिकेचं, खेळाच्या शिक्षकाचं, आणि नात्यात नसलेल्या एका प्रतिष्ठित शेजाऱ्याचं. पत्र ज्याचं त्यानं स्वतः लिहावं. पाकीट बंद करून चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करावी. मजकूर उमेदवारानं किंवा तिच्या कुटुंबीयांनी पाहू नये; पाहिल्याचं आढळल्यास अर्ज बाद होईल. सरसकट स्तुती नको; उमेदवाराचे बारीक, खरे, प्रत्यक्ष पाहिलेले प्रसंग लिहावेत. हे पान मी तीनदा वाचलं. इतकी स्वच्छ सूचना मी स्वतः लिहू शकलो नसतो, या विचारानं थोडा खिन्नही झालो.

चिरंजीव तिघांनाही रीतसर भेटून विनंती करून आले. तिघांनीही आनंदानं होकार दिला. आणि मग एकेक करून, एकमेकांना न सांगता, तिघेही माझ्याकडे आले.

पहिल्या आल्या वर्गशिक्षिका. मी वाचनालयात परत करायच्या पुस्तकांच्या रांगेत होतो, तिथे त्यांनी गाठलं. त्यांच्या वर्गात बासष्ट मुली. बारकी कुठल्या बाकावर बसते हे त्यांना आठवत होतं, पण त्या बाकावर तिघी बसतात. त्या थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, आजोबा, तुम्ही पत्रव्यवहारात होतात ना, नुसता मसुदा करून द्या, मी माझ्या शब्दांत मांडीन. नियमाचं ते पान माझ्या डोळ्यांपुढे होतं. नाही म्हणायचं, असं मी मनाशी पक्कं केलं, तोंड उघडलं, आणि त्यातून "कधीपर्यंत हवंय?" असं बाहेर पडलं.

दुसरे आमच्या सोसायटीचे चेअरमन. ते चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट बंद असली की त्यांना जबाबदारी जड वाटते. त्यांनी मला लेटरहेडचे दोन कोरे कागद दिले आणि म्हणाले, "भारदस्त होऊ द्या. आपल्या इमारतीची पण एक इज्जत आहे." तिसरे पोहण्याचे सर. धिप्पाड माणूस, छातीवर शिट्टी. ते मात्र खरंच संकटात होते. म्हणाले, काका, मी पाण्यात काय वाटेल ते करीन, पण कागदापुढे मला बुडाल्यासारखं होतं. माझी आणि त्यांची अवस्था अगदी उलट असल्यानं मला गहिवरून आलं आणि मी तेही घेतलं.

आता यात मी काय चुकलो, हे कुणीही शहाणा माणूस सांगेल. मीही सांगू शकतो. पण तेव्हा मी स्वतःला असं समजावलं, की मी मजकूर 'पाहणार' नाही, फक्त लिहिणार आहे. पाहायला बंदी आहे, लिहिण्याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. कार्यालयात अशा युक्तिवादावर पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या आहेत.

आठ दिवस मी लिहीत होतो. तीन माणसांची तीन पत्रं एकसारखी वाटू नयेत, म्हणून बाईंसाठी कडक भाषा, चेअरमनसाठी लांब वाक्यं, आणि सरांसाठी इतकी आखूड वाक्यं की मध्येच दम लागावा. सरांचं पत्र सगळ्यात चांगलं उतरलं, म्हणून मी ते मुद्दाम थोडं बिघडवलं. मग जास्त बिघडलंसं वाटून पुन्हा सुधारलं. ही चष्मा शोधत खोलीत आली की मी कागदांवर शब्दकोश ठेवत असे. तिला वाटलं मी आत्मचरित्र लिहितोय. "त्यात माझं जपून लिहा," एवढंच ती म्हणाली.

खरी पंचाईत झाली ती प्रसंगांची. बारीक, खरे, प्रत्यक्ष पाहिलेले. बाईंनी बारकीचं काय पाहिलं होतं? बासष्टांतला एक भांग. चेअरमननी? जिन्यावरून उतरणारी पाठ. सरांनी? पाण्याबाहेर आलेलं डोकं, तेही श्वास घेण्यापुरतं. मग प्रसंग आणायचे कुठून? ते माझ्याकडे होते. चौदा वर्षांचे होते. मी कधी कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलं नव्हतं. ते पेनातून उतरायला लागल्यावर मला थांबवेना. बाईंच्या पत्रात मी लिहिलं, की ही मुलगी दात घासतानाही वाचते, एका पायावर उभी राहून, आणि पुस्तकाच्या समासात पेस्टचे ठिपके पडतात. चेअरमनच्या पत्रात लिहिलं, की ती झोपेत तेराचा पाढा म्हणते आणि आठव्या घरापाशी अडखळते. सरांच्या पत्रात लिहिलं, की आजीचा चष्मा हरवला की तो या मुलीला आधी सापडतो; पण ती तो हातात देत नाही, आजीलाच सापडेल अशा जागी ठेवते आणि बाजूला होते. वाक्य आखूड केलं. डोळे पुसले. पुढे लिहिलं: पोहते बरी.

बाईंच्या पत्रात काहीतरी शाळेचंही हवं, म्हणून शेवटी 'वर्गात सतत हात वर करून प्रश्न विचारते' असं एक वाक्य घातलं. सगळ्याच मुलींबद्दल ते लिहितात.

मसुदे मी तिघांना गुपचूप पोहोचवले. आठवड्यानं तिघेही घरी येऊन बंद पाकिटं देऊन गेले, आडव्या सह्यांसकट. चेअरमननी चिरंजीवांसमोर मला दम दिला, की काका, आत काय आहे ते विचारू नका, गोपनीय आहे. सरांनी तर पाकीट माझ्या हातात न देता सूनबाईंच्या हातात दिलं, नियम म्हणजे नियम. मी गोपनीयतेचा आदर करणारा चेहरा केला. तसा चेहरा मला सहज जमतो. माझा रोजचाच तो आहे.

कुमारी नाही हिचा अर्ज चिरंजीवांनी पाच फोन करून मागे घेतला. शाळेला वाईट वाटलं. महिन्याभरानं, दाखला मागाहून चालेल असं कळवून, बारकीलाही मुलाखतीला बोलावलं, आणि आम्ही सगळे, म्हणजे पाचहीजण, टेकडी चढून गेलो.

खोली मोठी आणि थंड होती. लांब टेबलामागे मुख्याध्यापिका, वसतिगृहाच्या बाई, आणि फक्त लिहून घेणारे एक गृहस्थ, ज्यांच्याकडे पाहून मला घरच्यासारखं वाटलं. बारकीला पुढे एकटी खुर्ची, आणि मागे भिंतीशी आम्ही चौघे. आम्हाला शांत बसायला सांगितलं होतं. मुख्याध्यापिकांनी बारकीला तुला काय करायला आवडतं, असं विचारलं. सूनबाई वाचन म्हणाल्या, चिरंजीव गणित म्हणाले, आणि हिनं जेवताना त्रास नाही हो, सगळं खाते, असं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं आणि भिंतीला प्रश्न विचारलेला नाही, असं म्हणाल्या. त्या क्षणी मला बारकीची निवड किती योग्य आहे ते कळलं.

मग त्यांनी तीन कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडले.

"ही तीन पत्रं," त्या म्हणाल्या. "तीन वेगळ्या माणसांची. तिन्हींच्या माथ्यावर एकच ओळ आहे. 'मसुदा मान्यतेसाठी सादर.'"

माझ्या पायाखालची फरशी थंड होती ती आणखी थंड झाली. चौतीस वर्षं मी प्रत्येक मसुद्याच्या माथ्यावर ही ओळ लिहीत आलो. ती मी लिहितो हे मला कळतही नाही. साहेब ती खोडून सही करायचे. बाईंनी खोडली नाही. त्यांना वाचायला वेळच झाला नसणार. सरांनी ती शब्दशः नकलून काढली होती. आणि चेअरमननी ती ठळक अक्षरांत टाइप करून घेऊन खाली रेघ मारली होती; भारदस्त वाटली असेल.

मुख्याध्यापिका पुढे वाचू लागल्या. बासष्ट मुलींच्या बाईंना ही मुलगी दात कशी घासते ते कसं कळलं? चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना पहिल्या मजल्यावरचा पाढा कसा ऐकू आला? शाळेनं त्यांना फोन केला होता म्हणे. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत, असं चेअरमन म्हणाले, आणि लगेच, हे कुठे लिहून ठेवू नका, असंही म्हणाले. "आणि पोहण्याच्या तलावात," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आजींचा चष्मा कुठून आला?"

माझ्या शेजारी ही एकदम ताठ बसली. "म्हणजे," ती हळू आवाजात मला म्हणाली, "मला सापडत नव्हता?"

चिरंजीवांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, ही पत्रं कुणी लिहिली? मी उठायला लागलो. अर्धा उठलो आणि सवयीनं हिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. मी तसाच अर्धा उभा राहिलो, बसता येईना आणि बोलता येईना.

"आजोबांनी," बारकी म्हणाली.

तिचा आवाज त्या खोलीत बराच मोठा वाटला. मुख्याध्यापिकांनी तिला विचारलं, तुला माहीत होतं?

"हो. त्यांच्या टेबलावर शब्दकोशाखाली कागद दिसले. मी वाचले नाहीत."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी मला विचारलंच नाही."

लिहिणारे गृहस्थ लिहायचे थांबले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की नियमानं हा अर्ज बाद होतो. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. पाणी येणार नाही हे मी लिहायचो त्याच सुरात म्हटलं, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटली. सूनबाईंनी पदर तोंडाशी नेला. माझ्या पेनानं पोरीचं दार लावलं होतं, आणि तेही तिच्यावरच्या मायेपोटी. हा दोष कुठल्या रकान्यात भरतात?

बारकी उठून टेबलाजवळ गेली. "पत्रं बाद करा," ती म्हणाली. "अर्ज माझा आहे. निबंध मी लिहिलाय, तो कुणाला दाखवलेला नाही. पत्रं मी बघू का?"

वसतिगृहाच्या बाई नियमाचं काहीतरी म्हणायला लागल्या, पण मुख्याध्यापिकांनी तिन्ही कागद तिच्याकडे सरकवले. बारकीनं ते उभ्यानंच वाचले. वेळ घेऊन वाचले. दात घासण्याचं खरं आहे, म्हणाली. पाढ्याचं मला सांगता येणार नाही, तेव्हा मी झोपलेली असते. चष्म्याचं खरं आहे, सॉरी आजी. मग तिचं बोट बाईंच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "मी वर्गात कधीच हात वर करत नाही. येत असलं तरी करत नाही. इथे मला ते शिकायचंय. ते मला येत असतं तर मी आलेच नसते."

मागे भिंतीशी आम्ही चौघे होतो आणि चौघांपैकी एकानंही मध्ये तोंड घातलं नाही. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच झालं असावं.

मुख्याध्यापिकांनी तिन्ही कागद परत पाकिटांत घातले. मग त्यांनी मला, अजून अर्धाच उभा असलेल्याला, विचारलं, की तुम्हाला स्वतःच्या नावानं काही सांगायचंय का? मसुद्याशिवाय मी कधी बोललेलो नाही. मनात सहा वाक्यं जुळवली, त्यांतली पाच खोडली.

"ती सांगतेय ते बरोबर आहे," मी म्हणालो, आणि बसलो.

परतीच्या वाटेवर ही माझ्याशी बोलली नाही. चिरंजीव बोलले, आणि ते सगळं रास्त होतं, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. पुढचे तीन आठवडे घरात माझी अवस्था कपाटामागच्या झुरळासारखी होती. आहे हे सगळ्यांना माहीत, पण आत्ता कुणी विषय काढू नये. बारकीच तेवढी येऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, आजोबा, मी झोपेत खरंच अडखळते? मी म्हटलं, हो, आठव्या घरापाशी. तिनं जागेपणी म्हणून बघितलं. तिथेच अडखळली.

मग शाळेचं पत्र आलं. प्रवेश दिला होता. शिफारसपत्रं विचारात घेतलेली नाहीत, असंही स्पष्ट लिहिलं होतं. हे मी कुणाला सांगायला गेलो नाही, त्यामुळे चेअरमननी इमारतीच्या सभेत आपल्या पत्राचा उल्लेख केला, बाईंनी वर्गात केला, आणि पोहण्याच्या सरांनी रस्त्यात मला मिठी मारून, काका, माझ्या हातात जादू आहे हे मला ठाऊकच नव्हतं, असं सांगितलं. शिट्टी माझ्या बरगडीत रुतली. औषधवाल्यानं मात्र प्रवेश मिळाला हे ऐकून मान हलवली आणि पुन्हा गोळ्या दिल्या.

पत्राच्या शेवटी एक अट होती. उमेदवारानं प्रवेश स्वीकारत असल्याचं आणि का स्वीकारत असल्याचं पत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, टपालानं, आठ दिवसांत पाठवावं. 'कुणाच्याही मदतीशिवाय' या शब्दांखाली शाईनं दोन रेघा मारल्या होत्या. छापील कागदावर हातानं मारलेल्या रेघा. त्या कुणासाठी होत्या, हे समजायला फार बुद्धी लागत नव्हती.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती सूनबाईंनी कृतज्ञतेपासून सुरुवात करावी असं सुचवलं, चिरंजीवांनी मुद्दे पाडून लिही म्हणून सांगितलं, आणि हिनं तब्येतीबद्दलही दोन ओळी घाल, असं म्हटलं. मी काहीही म्हणालो नाही, पण माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला होता. बारकीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग कागद, पेन आणि पाकीट घेऊन न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. पाऊण तास नळाचा आवाजसुद्धा आला नाही. चिरंजीव दोनदा दारापर्यंत जाऊन आले. बाहेर आली तेव्हा पाकीट बंद होतं आणि चिकटवलेल्या जागेवर तिची आडवी सही होती, नवीनच केलेली, एका टोकाला वर चढत गेलेली.

"एकदा नुसती नजर टाकू का?" मी विचारलं. "मजकुरावर नाही. पत्त्यावर."

"पत्ता बरोबर आहे," ती म्हणाली. मग पाकीट माझ्या हातात देत म्हणाली, "पेटीत तुम्ही टाका."

सकाळी मी ते घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो. आमच्या घरातून निघणारं, माझ्या हाताखालून न गेलेलं, ते पहिलंच पत्र. आत माझ्याबद्दल काही असेल का, तिला माझ्यासारखं व्हायचं नाही असं तिनं लिहिलं असेल का, आणि ते कसं मांडलं असेल, असे विचार येत होते. रस्त्यात कुणी नव्हतं. ऊन चांगलं पडलं होतं. मी ते पाकीट वर उजेडाकडे धरलं, हे इथे माझ्या स्वतःच्या नावानं कबूल करतो. काही दिसलं नाही. पोरीनं पाकीट जाड निवडलं होतं.